विमानाच्या पोटातली तार

डिसेंबरमधल्या एका सकाळी आम्ही काही मंडळी मैदानावर जमलो होतो. हाताने बनवलेले, सव्वा मीटर पंखांचे, रेडिओवर चालणारे एक विमान आकाशात छान घिरट्या घालत होते. मी त्याला उंच नेले आणि नाक खाली करून सूर मारायला लावला. वेग वाढला. आता नाक वर घ्यायचे म्हणून मी हातातली कांडी पूर्ण मागे ओढली. विमानाने ऐकलेच नाही! ते तसेच सरळ खाली आले आणि जमिनीत नाक खुपसून बसले.

धावत जाऊन पाहिले. पुढची पेटी फुटली होती, पंख निखळला होता. पण रेडिओ चालू होता, बॅटरी भरलेली होती. कांडी हलवली की शेपटीचा एलेव्हेटर अगदी व्यवस्थित वरखाली होत होता. मग विमानाने ऐकले का नाही?

उत्तर सापडले ते योगायोगाने. एका मुलाने एलेव्हेटर बोटाने दाबून धरला आणि त्याच वेळी मी कांडी ओढली. तेव्हा फुटलेल्या पेटीतून आत दिसले, की एलेव्हेटर हलण्याऐवजी पोटातली लांब तारच धनुष्यासारखी बाकत होती. बोट सोडले की तार पुन्हा सरळ! चोर असा, की चोरी करून मागे एकही खूण ठेवत नव्हता. चूक माझीच होती. तार निवडताना मी तिची जाडी हलकेपणाकडे पाहून ठरवली होती, लांबीकडे पाहिलेच नव्हते.

तुमच्यापैकी काही जण थर्मोकोलची किंवा बाल्साच्या लाकडाची विमाने करत असतील. कोणी एन. सी. सी. च्या एअर विंगमध्ये दोन तारांवर गोल फिरणारे विमान उडवत असतील. या सर्वच विमानांत ही तार असते. तिची निवड कशी करावी आणि ती वाकवावी कशी, ते आज पाहू.

तारेचे काम काय?

शेपटीच्या आडव्या पंखाचा मागचा भाग बिजागरीवर वरखाली होतो. त्याला एलेव्हेटर म्हणतात. तो वर उचलला की शेपटी खाली दाबली जाते आणि नाक वर येते. एलेव्हेटरला एक लहान शिंग बसवलेले असते. त्याला हॉर्न म्हणतात. विमानाच्या मध्यभागी सर्व्हो नावाची छोटी मोटर असते. तिचा बाहू पुढेमागे फिरतो. या बाहूला आणि हॉर्नला जोडणारी जी कडक तार, ती नियंत्रण-दांडी. तिला इंग्रजीवरून पुशरॉड असेही म्हणतात.

या दांडीची दोन कामे आहेत : ओढणे आणि ढकलणे. ती वरवर सारखी वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोरीने बादली ओढता येते. दोरीने बादली ढकलून दाखवा बरे! ओढताना तार अधिकच सरळ होते. ढकलताना मात्र तिला बाजूला पळून जाण्याची संधी मिळते. म्हणूनच, ज्या मोठ्या विमानांत एलेव्हेटर नुसत्या लवचिक दोराने हलवतात तिथे दोर नेहमी जोडीने असतात. एक वर ओढण्यासाठी, दुसरा खाली ओढण्यासाठी. आपल्या लहान विमानात एकाच तारेने दोन्ही कामे करायची असतात.

बाक केव्हा येतो?

सरळ दांडी दोन्ही टोकांकडून दाबली तर ठरावीक जोरापर्यंत ती सरळ राहते आणि त्यानंतर एकाएकी बाकते. हा जोर किती, याचे गणित लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली मांडले. त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येते :

(१) लांबी दुप्पट केली तर दांडीची ताकद चौथाई होते.
(२) जाडी दुप्पट केली तर ताकद सोळापट होते.

पोलादाची ३० सें.मी. लांबीची, दोन्ही टोके मोकळेपणाने फिरू शकतील अशी तार घेतली, तर हिशेबाने पुढील आकडे येतात :

०.८ मि.मी. जाडी : सुमारे ४५ ग्रॅम जोराला बाक, वजन मीटरला ४ ग्रॅम.
१.२ मि.मी. जाडी : सुमारे २३० ग्रॅम, वजन मीटरला ९ ग्रॅम.
१.६ मि.मी. जाडी : सुमारे ७२० ग्रॅम, वजन मीटरला १६ ग्रॅम.
२ मि.मी. जाडी : सुमारे पावणेदोन किलो, वजन मीटरला २५ ग्रॅम.

आता माझ्या विमानाचा हिशेब करा. तार १.२ मि.मी. जाडीची होती, पण लांबी ६० सें.मी. लांबी दुप्पट, म्हणून २३० ची चौथाई : सुमारे ५७ ग्रॅम. नेहमीच्या वेगात एलेव्हेटर वळवायला अंदाजे ३५ ग्रॅम जोर पुरे होता. म्हणून घिरट्या छान चालल्या. पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूर मारताना वेग दुप्पट झाला, की लागणारा जोर चौपट, म्हणजे १४० ग्रॅम! तार ५७ ग्रॅमलाच बाकली. जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज होती, नेमके तेव्हाच तिने पाठ फिरवली. सर्व्होचा यात दोष नव्हता. नऊ ग्रॅम वजनाचा लहानसा सर्व्होही एक सें.मी. लांबीच्या बाहूवर सुमारे दीड किलो जोर लावू शकतो.

हे टाळायचे तीन उपाय आहेत.

पहिला उपाय फुकटचा आहे. हॉर्न एलेव्हेटरच्या खालच्या बाजूला बसवला, तर एलेव्हेटर वर करण्यासाठी तार ढकलावी लागते. तोच हॉर्न वरच्या बाजूला बसवला, तर तार ओढावी लागते. कागदावर आकृती काढून पटवून घ्या. विमान वाचवायचे असते तेव्हा बहुधा नाक वर घ्यायचे असते. म्हणून जमेल तिथे हॉर्न वर बसवा. ओढलेल्या तारेला बाक येत नाही.

दुसरा उपाय आधार देण्याचा. तारेला बरोबर मधोमध एक आधार दिला, की तिची मोकळी लांबी निम्मी होते आणि ताकद चौपट. समान अंतरावर दोन आधार दिले तर नऊपट. आधार म्हणून प्लॅस्टिकच्या बारीक नळीचा एक सें.मी. चा तुकडा चालतो. तार त्यातून सहज सरकली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. हा तुकडा विमानाच्या भिंतीला किंवा आडव्या पट्टीला पक्का चिकटवा.

तिसरा उपाय लाकडाचा. सरळ रेषांच्या हलक्या लाकडाची ६ मि.मी. जाडीची गोल काडी आणि १.६ मि.मी. जाडीची पोलादी तार यांचे मीटरमागे वजन जवळजवळ सारखेच भरते. पोलाद लाकडापेक्षा वीसपट ताठ खरे, पण काडी जवळजवळ चौपट जाड आहे, आणि जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. त्यामुळे ती काडी त्या तारेपेक्षा सुमारे दसपट जोर सहन करते! म्हणून लांब दांडी करायची असेल तर मधला भाग लाकडी काडीचा ठेवा आणि फक्त दोन टोकांना तारेचे आखूड तुकडे जोडा. तारेचे टोक काटकोनात वाकवून काडीला पाडलेल्या छिद्रात घाला, वरून दोरा घट्ट गुंडाळा आणि चिकटवणी लावा. माझ्या दुरुस्त केलेल्या विमानात आज हीच दांडी आहे.

तार कोणती निवडावी?

बाजारात तारा अनेक. तांब्याची तार जड आणि मऊ. ॲल्युमिनियमची हलकी, पण सहज वाकणारी. दोन्ही या कामाच्या नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी जस्त चढवलेली लोखंडी तार, म्हणजे जी. आय. तार, स्वस्त आणि वाकवायला सोपी आहे. सायकलचा स्पोक बहुधा २ मि.मी. जाडीचा असतो, चांगला कडक असतो आणि त्याच्या एका टोकाला आधीच वाकण असते. आखूड दांडीसाठी तो उत्तम. (राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. १९०१ साली त्यांनी पंखांच्या परीक्षेसाठी वायुबोगद्यातले जे तराजू बनवले, त्यांत सायकलच्या स्पोकची तार आणि हॅक्सॉची जुनी पाती वापरली होती!) सर्वांत चांगली ती पियानो वायर. ही अधिक कार्बन असलेल्या पोलादाची, थंड अवस्थेतच साच्याच्या बारीक भोकातून ओढून काढलेली तार असते. सतारीच्या पोलादी तारा याच कुळातल्या, पण फार बारीक.

आता एक कोडे. जी. आय. तार आणि पियानो वायर, दोन्ही एकाच जाडीच्या आणि लांबीच्या घेतल्या, तर बाक येण्यासाठी कोणत्या तारेला जास्त जोर लागेल? तुम्ही म्हणाल, अर्थात पियानो वायरला. पण नाही! दोन्ही अगदी सरळ असतील तर जोर जवळजवळ सारखाच लागतो. कारण लोखंड असो वा पोलाद, थोड्याशा वाकण्याला ते सारखाच विरोध करतात. त्यांचा यंगचा गुणांक जवळजवळ एकच असतो.

मग पियानो वायरसाठी जास्त पैसे का मोजायचे? फरक आहे तो स्थितिस्थापक मर्यादेत, म्हणजे किती वाकवल्यावर तार परत सरळ होते यात. १.६ मि.मी. जाडीची पियानो वायर सुमारे २२ सें.मी. व्यासाच्या वर्तुळाइतकी वाकवली तरी सोडल्यावर सरळ होते. तेवढ्याच जाडीची मऊ तार सव्वा मीटर व्यासाच्या वर्तुळालाच हार मानते आणि वाकडी राहते. विमान धडपणे उतरले नाही, शेपटीला कुणाचा हात लागला, की मऊ तारेत कायमचा बाक राहतो. आणि एकदा बाक राहिला की ती दांडी आणखी कमी जोराला बाकते.

म्हणून दुकानात किंवा घरी ही ताटाची परीक्षा करा. दीड मि.मी. च्या आसपास जाडीची तार जेवणाच्या मोठ्या ताटाच्या काठावरून हळूच वाकवा आणि सावकाश सोडा. पुन्हा फूटपट्टीसारखी सरळ झाली तर घ्या. वाकडी राहिली तर ती मऊ. दुसरी परीक्षा काचेवर घरंगळवण्याची. सरळ तार न डगमगता घरंगळते. शक्यतो वेटोळ्यातली तार घेऊ नका, सरळ कांब घ्या. कडक तारेचे वेटोळे हाताने सरळ करणे फार जिकिरीचे असते.

वाकवणे : घाई नको, आच नको

दांडीची टोके बाहूच्या आणि हॉर्नच्या छिद्रांत अडकवण्यासाठी वाकवावी लागतात. इथे पुष्कळ जण तार गॅसवर लाल करतात. हे कधीही करू नका. पियानो वायरचा कणखरपणा ती थंडपणी ओढली गेल्यामुळे आलेला असतो. लाल तापवून सावकाश निवू दिली, की तो निघून जातो. तापलेली तार पाण्यात बुडवली तर ती ठिसूळ होते आणि काडीसारखी मोडते. तार थंडच वाकवायची.

दुसरी चूक म्हणजे पकडीच्या धारदार कडेवर तार टोकदार वाकवणे. यात काय बिघडते ते पाहा. वाकणाच्या आतल्या बाजूला तार दबते, बाहेरच्या बाजूला ताणली जाते. मध्यरेषेची लांबी तेवढीच राहते असे धरू. आतल्या गोलाईची त्रिज्या तारेच्या जाडीइतकी ठेवली, तर बाहेरचा पृष्ठभाग एक तृतीयांशाने ताणला जातो. आत अजिबात गोलाई ठेवली नाही, तर बाहेरचा पृष्ठभाग दुप्पट ताणावा लागेल! तिथे बारीक चीर पडते. चीर आज दिसत नाही. ती उद्या उड्डाणात दिसते. म्हणून नियम असा, की आतली त्रिज्या निदान तारेच्या जाडीइतकी हवी.

आता कृती :

१. डोळ्यांवर चष्मा लावा. तार तोडताना उडणारे टोक गोळीसारखे जाते. तोडायच्या जागी तिकोनी कानशीने खाच करा, तारेवर जाड फडके गुंडाळा आणि खाचेपाशी मोडा. साध्या पकडीने कडक तार कापू नका. पकडीच्या धारेलाच दाते पडतात. टोक कानशीने गोल करा.

२. वाकवण्याची खूण शाईने करा. कानशीने किंवा टोकदार वस्तूने ओरखडा काढू नका. चीर ओरखड्यापासूनच सुरू होते.

३. लाकडी ठोकळ्यात तारेपेक्षा दुप्पट जाडीचा एक कडक खिळा ठोका. शेजारी तार जेमतेम मावेल एवढे अंतर सोडून दुसरा खिळा ठोका. तार दोहोंच्या मध्ये घालून पहिल्या खिळ्याभोवती वळवा. बोटांचा जोर वाकणाच्या अगदी जवळ लावा. दूरवर लावला तर सगळी तारच कमानीसारखी वाकेल. १.६ मि.मी. च्या वर तार असेल तर व्हाइसमध्ये धरून लहान हातोडीने हलके ठोकत वाकवा.

४. सोडल्यावर कडक तार थोडी उलगडते. काटकोन हवा असेल तर ९५ अंशांच्या आसपास न्या आणि गुण्याने तपासा. मऊ तार फारशी उलगडत नाही.

५. चुकले तर तीच जागा मागेपुढे वाकवून सुधारू नका. कागदाला लावायची पिन मागेपुढे वाकवली की ती गरम होऊन तुटते, हे तुम्ही पाहिले असेलच. तो तुकडा टाकून नवा घ्या. तारेचा तुकडा स्वस्त असतो, विमान नाही.

टोकाचे दोन प्रकार सर्वांत उपयोगी. पहिला 'एल' : टोकाला एकच काटकोन. तो छिद्रातून निसटू नये म्हणून बाहेर प्लॅस्टिकची कडी किंवा डाख दिलेला वॉशर लागतो. दुसरा 'झेड' : दोन उलटसुलट काटकोन. त्याचा मधला भाग बाहूच्या जाडीपेक्षा किंचित लांब असतो. तो आपोआप अडकून राहतो, कडी लागत नाही. पण तो दोन्ही टोकांना केला तर दांडीची लांबी बदलता येत नाही. म्हणून सर्व्होकडे 'झेड' आणि हॉर्नकडे 'एल' करा. आखूड दांडीत मधे एक लहानसा 'व्ही' ठेवण्याचीही पद्धत आहे. तो दाबला की दांडी आखूड होते, उघडला की लांब. मात्र 'व्ही' मुळे दांडीची ताकद कमी होते, हे विसरू नका. तो लहान विमानापुरताच ठेवा.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सर्व्होकडचे टोक वाकवून बसवा. रेडिओ लावून सर्व्हो मध्यावर आणा. एलेव्हेटर चिकटपट्टीने सपाट धरून ठेवा. मग तार हॉर्नच्या छिद्राशी नेऊन खूण करा आणि दुसरे टोक वाकवा. दोन्ही वाकणे योग्य दिशेला आहेत ना, हे दांडी टेबलावर ठेवून पाहा.

ढिलेपणाचा हिशेब

छिद्र तारेला नेमके बसेल एवढेच पाडा. समजा, दोन्ही टोकांना मिळून ०.४ मि.मी. मोकळीक राहिली आणि हॉर्नची उंची १२ मि.मी. आहे. तर एलेव्हेटर सुमारे दोन अंश मोकळा डुलेल. ढिला एलेव्हेटर वेगात फडफडू लागतो आणि बिजागरीच उखडू शकते. हॉर्न २० मि.मी. उंचीचा केला तर तेवढ्याच मोकळिकीत डुलणे एक अंशाच्या जवळ येते.

करून पाहा

(अ) जी. आय. तारेचे सरळ तुकडे घ्या : ६०, ३० आणि १५ सें.मी. चे. दोन्ही टोकांना बुचाचे तुकडे लावा. तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभा धरून वरून तळहाताने सावकाश दाबा. काटा वाढत जाईल आणि बाक आला की जवळजवळ तिथेच थांबेल, मग कितीही दाबा. तीन आकडे लिहा. ते एकमेकांच्या चौपट येतात का?

(आ) मऊ आणि कडक अशा सारख्याच जाडीच्या बारीक तारा टॉर्चच्या मोठ्या सेलभोवती दोन वेढे गुंडाळून, टोक न सोडता सावकाश सैल करा. कोणते कडे जास्त मोठे झाले? का?

(इ) आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा. प्रत्येक उड्डाणाआधी मोटरचा पंखा काढून किंवा मोटर बंद ठेवून एलेव्हेटर बोटांनी हलकेच धरा आणि सोबत्याला कांडी क्षणभर ओढायला व ढकलायला सांगा. तार बाकते का, नळी हलते का, ते डोळ्यांनी पाहा. ही परीक्षा एका मिनिटाची आहे. मी ती त्या सकाळी केली असती, तर विमान संध्याकाळी खांद्यावरून घरी आले असते, पिशवीतून नव्हे.